काचेआडचं सोनं: तुतनखामनच्या खजिन्याचे फोटो काढण्याची रीत

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामन याच्या सोन्याच्या मुखवट्याचे फोटो जगात इतके आहेत की आपण काढलेल्या आणखी एका फोटोवाचून कुणाचं अडलेलं नाही. तरी इजिप्तला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो असतोच. बहुतेकदा मधोमध पिवळाजर्द गोळा, त्यावर कुणाच्या तरी पांढऱ्या टी-शर्टचं प्रतिबिंब आणि खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याचा वर धरलेला मोबाइल. त्याहून वाईट अवस्था बाकीच्या फोटोंची होते. सहा महिन्यांनी उघडून बघावं, तर ही पेटी कसली, हा दिवा कुणाचा, हे दार कुठल्या बाजूचं, काहीच आठवत नाही.

सांगायचं एवढंच आहे की आधी नोंद, मग देखणेपणा. या क्रमाने गेलं तर दोन्ही मिळतात, उलट गेलं तर सहसा एकही हाती लागत नाही. ही शिस्त माझी नाही. याच वस्तूंचे पहिले फोटो काढणाऱ्या हॅरी बर्टनची आहे.

बर्टन काय करत होता

इंग्लिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना लक्झरजवळच्या राजांच्या दरीत ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामनच्या थडग्याची पहिली पायरी लागली. २६ नोव्हेंबरला आतल्या दाराला भोक पाडून कार्टरने मेणबत्तीच्या उजेडात खजिना पाहिला. डिसेंबरात बर्टन कामाला लागला. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या मोहिमेचा फोटोग्राफर होता, कार्टरला तो उसना दिलेला. पुढची सुमारे दहा वर्षं तो या एका थडग्याचे फोटो काढत राहिला. कॅमेरा मोठा, तिकाटण्यावरचा, आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा. अशा चौदाशेच्या वर प्लेटा त्याने उघडल्या.

कामाची पद्धत कडक होती. आधी खोली जशी सापडली तशी. मग वस्तूंचा एकेक घोळका. मग प्रत्येक वस्तूजवळ आकड्याचं कार्ड ठेवून तोच घोळका पुन्हा. मग वस्तू बाहेर नेऊन, स्वच्छ करून, साध्या पार्श्वभूमीवर एकटी. जवळच्याच केव्ही ५५ या थडग्यात (केव्ही म्हणजे 'किंग्ज व्हॅली', दरीतल्या थडग्यांचे क्रमांक असे लिहितात) त्याने डार्करूम थाटली होती. प्लेट उघडली की तो धावत तिकडे जाई, ती धुऊन बघे, आणि ती नीट आली आहे म्हटल्यावरच वस्तू जागची हलवली जाई. एकदा हलवली की पुन्हा तो फोटो नाही. दरीच्या वरच्या टोकाचं सेती दुसऱ्याचं थडगं, केव्ही १५, हे दुरुस्तीचं आणि फोटोचं ठिकाण होतं. वस्तू स्ट्रेचरवरून तिथे नेत. दिवे, आरसे, तिकाटणी उचलणारे त्याचे इजिप्शियन मदतनीस होते. त्यांची नावं फोटोंखाली आलेली नाहीत.

आपल्याकडे त्याच्यासारखी मुभा नाही. वस्तू हलवता येत नाही, दिवा हलवता येत नाही, काच मध्ये आहे आणि मागे रांग आहे. क्रम मात्र जसाच्या तसा उचलता येतो.

पायरी १: घरी बसून यादी करा

हे काम टाळाल तर पुढचं सगळं अर्धवट होईल. थडग्यातून निघालेल्या वस्तू पाच हजारांहून जास्त आहेत, आणि आता त्या गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये एकत्र मांडल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्णपणे खुलं झालं. एका दिवसात सगळ्यांचे फोटो काढायला निघालात तर एकाही वस्तूकडे धड बघून होणार नाही.

ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने कार्टरची हस्तलिखित कार्डं आणि बर्टनचे फोटो इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. कार्टरने वस्तूंना आणि वस्तूंच्या गटांना १ ते ६२० असे क्रमांक दिले होते, त्या क्रमांकाने शोधता येतं. दहा-बारा वस्तू निवडा, प्रत्येकीचा बर्टनने काढलेला फोटो मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि कुठली बाजू बघायची ते आधीच ठरवा. माझी यादी विचाराल तर अशी:

- क्रमांक २१, रंगवलेली लाकडी पेटी. एका बाजूला युद्ध, झाकणावर शिकार. बारकावे इतके की लांबून काढलेला फोटो निरुपयोगी.
- क्रमांक ९१, सोन्याने मढवलेलं सिंहासन.
- क्रमांक १७३, कॅल्साइट दगडाचा दिवा. आत ज्योत पेटली की राजाराणीचं चित्र दगडातून उमटतं, एरवी दिसत नाही.
- क्रमांक २६१, पेटीवर बसलेला अनुबिस, मृतांची राखण करणारा देव, कोल्ह्याच्या रूपातला.
- क्रमांक २६६, राजाची आतडी, यकृत वगैरे ठेवलेली पेटी आणि तिच्यावरचं सोनेरी देवघर. चारी बाजूंना चार देवी हात पसरून उभ्या आहेत. डोक्यावर विंचू असलेली ती सेर्केत.
- आणि २५६ए, म्हणजे अर्थातच मुखवटा.

याशिवाय गर्दी ज्यांच्याकडे पाठ करून पुढे जाते अशा दोनतीन वस्तू जरूर घ्या. घडी होणारा पलंग, शंभराहून जास्त काठ्या, आणि तळव्यावर बांधलेल्या शत्रूंची चित्रं काढलेल्या चपला. राजा चालला की शत्रू पायाखाली. मला विचाराल तर हा फोटो मुखवट्याहून जास्त बोलतो, आणि तिथे रांगही नसते.

पायरी २: नियम त्या दिवशी, त्या दारात वाचा

इजिप्तमध्ये फोटोंचे नियम आणि तिकिटं बदलत राहतात, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. काही गोष्टी मात्र गृहीत धरायच्या: फ्लॅश नाही, तिकाटणं नाही, आणि ड्रोन तर देशात नेऊच नका, परवानगीशिवाय तो आणणंच बेकायदा आहे. कैरोतल्या राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयातल्या राजांच्या ममींच्या दालनात फोटोला बंदी आहे. राजांच्या दरीत तुतनखामनच्या थडग्यासाठी मुख्य तिकिटाखेरीज वेगळं तिकीट लागतं. मोबाइल आणि कॅमेरा यांना वेगवेगळे नियम असू शकतात, तेव्हा खिडकीवर दोन्हींबद्दल विचारा.

बक्षिशी घेऊन 'इकडे या, इथून काढा' म्हणणारे भेटतात. त्यांना हसून नकार द्यायचा. दोरीपलीकडच्या फोटोसाठी रंगाच्या थराला खांदा घासला गेला, तर तो थर पुन्हा येत नाही.

पायरी ३: सामान थोडंच

कॅमेरा नेत असाल तर एकच लेन्स, एफ २.८ किंवा त्याहून उघडणारी (एफचा आकडा जितका लहान, तितका आत येणारा उजेड जास्त), ३५ ते ८५ मिलिमीटरच्या आसपासची. दागिन्यांसाठी जवळून टिपणारी लेन्स असेल तर दुसरी. मोबाइल नेत असाल तर पॉवर बँक आणि मऊ कापड. खिशातल्या बोटांचे डाग लेन्सवर असले की प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं, आणि लोक दोष मोबाइलला देतात. कपडे गडद घाला. हा सल्ला फुकटचा आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. काळा किंवा गडद निळा शर्ट काचेत दिसत नाही.

सराव हवा असेल तर अजिंठ्यासारखी जागा नाही. तिथेही फ्लॅश चालत नाही, उजेड मंद, गर्दी सरकती. अजिंठ्यात हात न थरथरता फोटो येऊ लागला की गिझाला तुमचं काही अडणार नाही.

पायरी ४: वस्तू नव्हे, आधी काच बघा

काचेपुढे उभं राहिलं की डोळा आपोआप वस्तूवर जातो आणि मेंदू प्रतिबिंब पुसून टाकतो. कॅमेरा पुसत नाही. म्हणून मोबाइल वर करण्याआधी नजर मुद्दाम काचेवर आणा. कुठे पांढरा ठिपका आहे, कुठे समोरच्या कपाटाचा दिवा आहे, कुठे तुमचा स्वतःचा चेहरा आहे? मग अर्धं पाऊल डावीकडे सरका. ठिपका वस्तूवरून सरकून काळ्या पार्श्वभूमीवर गेला की पुरे. तो पूर्ण घालवायचा अट्टहास नको, वस्तूवरून हटला की झालं.

काचेच्या जितकं जवळ जाल तितकं प्रतिबिंब कमी, कारण तुमची स्वतःचीच सावली काच झाकते. पण काचेला टेकू नका. टेकल्यावर पहारेकरी ओरडतो तो उगाच नाही, काही कपाटांना अलार्म असतो. स्क्रीनचा उजेड कमी करा, कारण काचेत सगळ्यात जवळचा दिवा तुमचा मोबाइल असतो. सोबतीला कुणी असेल तर त्याला गडद जॅकेट घालून तुमच्या मागे उभं करा. रांगेत हे कुणाला खटकत नाही.

चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर न्यावा का, असं बरेच जण विचारतात. नेऊ नका. काचेकडे समोरून सरळ बघताना तो जवळजवळ काहीच करत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांनी तिरकं बघाल तेव्हा त्याचा खरा परिणाम दिसतो, आणि त्या कोनातून मुखवटा कोण बघतं? वर तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. सोन्याच्या पत्र्यावरची चमक तर त्याने जातच नाही, धातूवरचं परावर्तन त्याला दाद देत नाही.

पायरी ५: सोन्याला कमी उजेड द्या

लग्नातल्या फोटोंत पैठणीची जर जशी पांढरी फटफटीत उमटते, तसंच इथे होतं. कारण सोपं आहे. मागे काळी भिंत, मध्ये उजळलेलं सोनं. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळं बघून 'अंधार आहे' म्हणतो आणि एक्स्पोजर वाढवतो. सोन्यातला लाल भाग आधी जळतो, आणि पिवळ्यावर पांढरट, सपाट डाग उरतो. म्हणून मुखवट्यासाठी, शवपेट्यांसाठी, सोनेरी देवघरांसाठी एक्स्पोजर एक स्टॉपने उणे करा. मोबाइलवर सोन्याच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर अडकलं की सूर्याची खूण खाली ओढा.

बरोबर जमलं की नाही हे ओळखायची खूण मुखवट्यातच आहे. डोळे क्वार्ट्झ आणि ऑब्सिडियनचे, आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत लालसर छटा दिली आहे, जिवंत माणसाच्या डोळ्यात असते तशी. ती दिसली तर एक्स्पोजर बरोबर. भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्द या निळ्या दगडाच्या, डोक्यावरच्या वस्त्राचे पट्टे मात्र निळ्या काचेचे. हे दोन निळे फोटोत वेगळे दिसले पाहिजेत. दोन्ही एकाच शाईत बुडवल्यासारखे आले, तर मोबाइलने रंग भडक केले आहेत.

लाकूड, कापड, चामडं आणि रंगवलेल्या पेट्या यांचं गणित उलटं. अशा नाजूक वस्तूंवर संग्रहालयं साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, कारण उजेडाने रंग आणि धागे झिजतात. ५० लक्सला एफ २.८ आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ३२०० धरली तर शटर सुमारे १/८० सेकंद मिळतो. हातात धरून काढायला तेवढा पुरतो. एफ ४ केलंत तर १/४०, तिथे श्वास सोडून थांबून क्लिक करायला हवं. आयएसओ ६४०० ला घाबरू नका. थोडी रवाळी चालते, हललेला फोटो चालत नाही.

मोबाइलच्या रुंद लेन्सने मुखवट्याच्या अगदी जवळ जाऊ नका. नाक पुढे येतं आणि कान मागे जातात, राजा वयाने वाढतो. दोन पट किंवा तीन पट झूम घ्या आणि दोन पावलं मागे सरका. मात्र मंद उजेडात बरेच मोबाइल झूमची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतात. पहिला फोटो मोठा करून बघा, फसवणूक लगेच कळते.

कॅमेरा असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवा. दालन बदललं की करड्या रंगाच्या छोट्या कार्डाचा एक फोटो काढा. प्रत्येक दालनाचे दिवे सारखे नसतात, घरी रंग जुळवताना तेच कार्ड कामी येतं.

पायरी ६: एका वस्तूचे चार फोटो, या क्रमाने

पहिला: माहितीची पाटी. हो, आधी पाटी. मग पुढचे फोटो कशाचे आहेत हे कायमचं ठरून जातं. बर्टनचं आकड्याचं कार्ड तेच करायचं.

दुसरा: वस्तू तिच्या जागी, शेजारच्या वस्तूंसकट. माणसं आली तरी चालतील. माणसामुळे आकार कळतो. राजाच्या शवपेट्यांभोवती एकात एक बसवलेल्या देवघरांपैकी सगळ्यात बाहेरचं पाच मीटर लांब आहे, हे माणूस शेजारी असल्याशिवाय कुणाच्या डोळ्यात भरत नाही. बर्टननेही एका इजिप्शियन मुलाच्या गळ्यात तुतनखामनचं जडावाचं भरजरी पदक घालून फोटो काढला आहे. ते अंगावर किती जड बसत असेल हे त्या एका फोटोत कळतं, सपाट कापडावर ठेवलेल्या पदकात नाही.

तिसरा: पूर्ण वस्तू, सरळ, चौकट भरून. कडा कापू नका. पेटी असेल तर तिच्या आडव्या कडेशी मोबाइल समांतर धरा.

चौथा: एक तपशील. एकच, पण विचारपूर्वक निवडलेला.

सिंहासनावर हे करून बघू. तिसऱ्या फोटोत पूर्ण सिंहासन घेतलंत की चौथ्यासाठी पाठीच्या आतल्या बाजूचं चित्र घ्या. राजा बसलेला, राणी अंखेसेनामून त्याला सुगंधी लेप लावते आहे, वर सूर्याची तबकडी आणि तिच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला छोटा हात. कपडे चांदीचे, त्वचा लालसर काचेची. चांदी आणि सोनं एकाच चौकटीत असल्यामुळे एक्स्पोजर इथे आणखी थोडं उणे करा, नाहीतर राणीचा झगा पांढरा ढग होईल. वेळ असेल तर नावांच्या लंबगोल चौकटीही टिपा. याच सिंहासनावर राजाचं नाव अतेन या नव्या देवाच्या रूपातही आहे आणि अमुन या जुन्या देवाच्या रूपातही. धर्म बदलून परत जुन्या वाटेवर येणाऱ्या दरबाराचा हा लेखी पुरावा आहे. त्या चौकटींचा फोटो सुंदर येणार नाही. तरी काढा.

कोरीव अक्षरं वाचता यावीत म्हणून उजेड तिरका लागतो. बर्टन दिवा हातात धरून, एक्स्पोजर चालू असतानाच तो फिरवायचा, म्हणजे सावल्या कडक पडत नसत. तुम्हाला दिवा हलवता येत नाही, पाय हलवता येतात. कपाटाभोवती एक फेरी मारा, अक्षरांच्या कडेला सावली जिथे उमटते तिथे थांबा. मुखवट्याच्या बाबतीत ही फेरी सोडूच नका. पाठीवर आणि खांद्यांवर मृतांच्या ग्रंथातला मंत्र कोरलेला आहे, आणि पुढे चेंगराचेंगरी चालू असताना मागे बऱ्याचदा मोकळी जागा असते.

पायरी ७: थडग्यात उतरल्यावर

कैरोतून लक्झरला गेलात तर केव्ही ६२ मध्ये, म्हणजे तुतनखामनच्या थडग्यात, खजिना नाही, पण भिंती आहेत. थडगं राजाच्या मानाने अगदी लहान. रंगवलेली खोली एकच, दफनाची. तिच्या मधोमध क्वार्ट्झाइट दगडाची मोठी पेटी, चार कोपऱ्यांना पंख पसरलेल्या देवी. बाहेरची सोनेरी शवपेटी २०१९ पर्यंत इथेच होती.

कठड्यापाशी उभं राहिलं की समोर उत्तरेची भिंत येते. ती उजवीकडून डावीकडे वाचायची. उजव्या टोकाला वारस आय हा मृत राजाचं तोंड उघडण्याचा विधी करतो आहे, मध्ये आकाशाची देवी नुत राजाचं स्वागत करते, डावीकडे राजा मृतांचा देव ओसिरिस याला भेटतो. आधी तीन भाग वेगवेगळे काढा, मग रुंद एक. डावीकडच्या पश्चिम भिंतीवर बारा माकडं चार-चारच्या तीन ओळींत बसली आहेत, रात्रीचे बारा तास. चौकटी-चौकटीत बसवलेल्या त्या ओळी सरळ याव्यात म्हणून मोबाइल डोक्यावर धरू नका, छातीशी धरा.

भिंतींवर सगळीकडे तपकिरी ठिपके दिसतील. फोटो घाण आला असं समजून ते पुसू नका. ते बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे जुने डाग आहेत. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने इजिप्तच्या अधिकाऱ्यांबरोबर इथे दहा वर्षं काम केलं, तेव्हा हे डाग वाढत आहेत का हा प्रश्न होता. उत्तर मिळालं ते बर्टनच्या फोटोंशी ताडून बघितल्यावर: १९२०च्या दशकात होते तेवढेच आहेत, नवे नाहीत. बर्टनने भिंत सजवून दाखवली असती तर ही तुलना करताच आली नसती.

दफनाच्या खोलीच्या आधी लागणाऱ्या खोलीत काचेच्या पेटीत राजाची ममी आहे. परवानगी असो वा नसो, मी तिथे मोबाइल खाली ठेवा असंच म्हणेन. तो माल नाही, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास गेलेला मुलगा आहे.

आत माणसांच्या श्वासाने दमट उकाडा असतो आणि लेन्सवर बाष्प येतं. बाहेर दरीत बारीक धूळ उडते, तेव्हा लेन्स बदलायची असेल तर ती गाडीत बसून बदला.

पायरी ८: त्याच रात्री, हॉटेलवर

फोटो क्रमाने लावा, पाटीच्या फोटोवरून वस्तूचं नाव आणि कार्टरचा क्रमांक फाइलच्या नावात टाका. '०९१-सिंहासन-पाठ' एवढं पुरतं. पाटीवर कार्टरचा क्रमांक नसेल तर घरून केलेल्या यादीत बघा. हे काम पुण्या-मुंबईला परतल्यावर करू म्हणाल तर होणार नाही.

रंग सुधारा, उजेड सुधारा, कडा सरळ करा. पण मोबाइलमधली किंवा ॲपमधली 'एआय'ने बारकावे वाढवण्याची सोय चित्रलिपीच्या फोटोंवर लावू नका. ती अस्पष्ट खुणांच्या जागी स्वतःच्या मनाने रेषा काढते. दिसायला अक्षरं तीक्ष्ण होतात आणि वाचायला गेलं की ती कुठल्याच भाषेतली नसतात. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा.

फोटो कुठे वापरायचे हेही ठरवून ठेवा. १९२३ मध्ये उत्खननाचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनने बातम्यांचे हक्क लंडनच्या टाइम्सला पाच हजार पौंडांना विकले होते, आणि इजिप्तच्या वर्तमानपत्रांना स्वतःच्या देशातली बातमी लंडनकडून घ्यावी लागली. त्यावरून तिथे मोठा संताप झाला होता. घरच्यांना दाखवायचे, स्वतःच्या खात्यावर टाकायचे फोटो वेगळे. पुस्तकात, जाहिरातीत किंवा विकायच्या छपाईत वापरायचे असतील तर त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, आणि ती निघण्याआधीच मागितलेली बरी.